मुंजाजीराव आणि सीलबंद फटफटी

गाडी माणसाच्या मापाची करून घेणारे पुष्कळ असतात. गाडीच्या मापाचा माणूस करून घ्यायला निघालेला मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे जाफराबादच्या जनावरांच्या दवाखान्याचे कंपौंडर मुंजाजीराव.

मी मास्तर म्हणून जाफराबादच्या शाळेत रुजू झालो तेव्हा निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शनला दोन वर्षं होऊन गेली होती. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या ओट्यावर उभा होतो. वेशीकडून फटफट आवाज आला, मग धूळ आली आणि धुळीतून एक दांडगी विलायती मोटरसायकल आली. तिच्यावर माणूसच दिसेना. जवळ आल्यावर कळलं की माणूस आहे, पण तो बसलेला नाही, टाकीवर पालथा पडलेला आहे. हात पुढे ताणलेले, पाय मागे गेलेले आणि हँडलच्या वर फक्त एक काळी टोपी. गाडी ओट्याला अगदी चिकटून उभी राहिली. स्वारानं डावा पाय ओट्यावर टेकवला, मान तिरकी करून मला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "नवे गुरजी का? मी मुंजाजी. जनावराच्या दवाखान्यात हाय."

"उतरा की. चहा घेऊ."

"उतरायचं काम न्हाई, गुरजी. उतरलं की सरळ व्हायला घंटाभर लागतो. अन् मला लगेच म्होरं जायचंय."

चहा मी ओट्यावरूनच दिला. तो त्यांनी टाकीवर पडल्या पडल्या प्यायला.

ओटा लागायचा, कारण त्यांचे पाय जमिनीला पुरत नसत. उंची जेमतेम पाच फूट, त्यातही टोपीचा वाटा धरलेला. म्हणून गावात त्यांचे थांबे ठरलेले होते. शाळेचा ओटा, मारुतीचा पार, बारवेची कडा आणि त्यांच्या स्वतःच्या दारातली धोंड. अधेमधे कोणी हात केला की ते न थांबता ओरडत, "पारावर या!" आणि बिचारा शेतकरी आपलं रेडकू ओढत फटफटीच्या मागे पाराकडे पळत सुटे.

आता ज्याला पाना कशाशी खातात हे कळतं असा कोणीही सांगेल, की सीट खाली घ्या, हँडल मागे ओढा, पाय ठेवायची पायदानं पुढे सरकवा. अर्ध्या तासाचं काम. मी तर मास्तर, न विचारता सल्ला देणं हा माझा धंदाच. ओळख होऊन आठवडा झाला नसेल, मी त्यांना हे ऐकवलं. त्यावर त्यांनी माझं मनगट धरून मला गाडीजवळ वाकवलं. सीटच्या बोल्टांवर, हँडलच्या आवळपट्टीवर, दोन्ही पायदानांच्या नटांवर लाल लाख ओतलेली होती आणि प्रत्येक लाखेवर दवाखान्याची मोहोर उठवलेली होती. तहसिलीत खजिन्याच्या पेटीला लावत, अगदी तशी.

"हे काय?"

"सीलबंद हाय. साहेबाची बैठक हाय ही. अमानत."

अमानत, म्हणजे दुसऱ्यानं विश्वासानं सोपवलेली ठेव, हा मुंजाजीरावांचा आवडता शब्द. दुसरा शब्द बराबर. या दोन शब्दांवर त्यांचा संसार चालला होता.

साहेब म्हणजे डॉक्टर हमीद साहेब. दवाखान्याचे जुने डॉक्टर. सहा फूट उंच, शिडशिडीत. ही गाडी त्यांची खाजगी, लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली. त्याच्या आधी साहेब घोड्यावरून फिरत आणि मुंजाजीराव तट्टावरून. गाडी आली तेव्हा साहेबांनी स्वतः पाना घेऊन सीट, हँडल, पायदानं सगळं आपल्या लांब हाडांच्या मापानं लावून घेतलं आणि मुंजाजीराव औषधाची पेटी मांडीवर घेऊन मागच्या कॅरियरवर बसू लागले. भोकरदनपासून इकडे टेंभुर्णीपर्यंत एकही गोठा असा नव्हता, जिथे ही जोडी गेलेली नव्हती. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या धामधुमीत साहेबांच्या सासरची माणसं कराचीला निघाली. साहेबांची बायको-मुली त्यांच्यासोबत गेल्या. त्यांना पोचवून दोन महिन्यांत येतो, असं सांगून साहेबही गेले. जाताना किल्ली मुंजाजीरावांच्या हातात दिली आणि म्हणाले, "फिरती बंद पडू देऊ नको, मुंजाजी. गाडी चालती ठेव."

सीटबद्दल साहेब एक अक्षरही बोलले नव्हते. ती मुंजाजीरावांनी आपल्या पदरची घातलेली भर.

"समजा साहेब आले," ते मला समजावून सांगत. "आले, शीटवर बसले, अन् म्हनले, मुंजाजी, हे काय करून ठिवलंस? मंग मी काय सांगू? मह्या पाठीत कळ येऊन राह्यली व्हती म्हनून तुमची बैठक हालवली? बराबर दिसतं का ते?"

दोन महिन्यांची दोन वर्षं झाली, पुढे चार झाली. साहेबांच्या जागी यायचा डॉक्टर यायचाच राहिला. सगळी फिरती एकटे मुंजाजीराव करत आणि गाडीला हात लावायचा नाही म्हटल्यावर दुरुस्तीला एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे मुंजाजीराव.

पहिली दुरुस्ती पायांची झाली. चांभाराकडून त्यांनी टायरचे तीन थर दिलेल्या वहाणा करून घेतल्या. पायदानाला पाय बरे पुरू लागले. पण जमिनीवर त्या घालून चालताना ते नदीतून चालल्यासारखे एकेक पाऊल उचलून टाकत. वहिनी, म्हणजे त्यांच्या घरच्या, म्हणाल्या, "येका लग्नात मी पायलं, नवरदेवाचा मामा म्हनून ह्यान्लाच कुंकू लावलं. उंच दिसले म्हनं."

मग हातांवर काम सुरू झालं. रोज सकाळी दवाखान्याच्या कडुलिंबाला ते पाव घंटा लोंबकळत. कुठल्याशा पैलवानानं त्यांना सांगितलं होतं की लोंबकळून हात लांबतात. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला माझ्या वर्गाच्या भिंतीला हात लावून ते खडूनं खूण करवून घेत. चार महिन्यांत हात अर्धं बोट लांबले, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते खडू झिजत होता. पण पन्नाशीला टेकलेल्या त्या माणसाला भिंतीशी टाचा उंचावून उभा पाहिला की माझ्या तोंडून खरं निघत नसे. मी म्हणे, "वाढलेत, मुंजाजीराव. दिसतंय."

तिसरी दुरुस्ती पोटाची, आणि ती गावभर गाजली. टाकीवर पालथं पडायचंच आहे, तर पोटाखाली गादी का नको? वहिनींनी मांजरपाटाची पिशवी शिवून दिली. तिच्यात भरायला कापूस घ्यावा, तर तो दबतो. भुसा घ्यावा, तर टोचतो. मुंजाजीरावांनी बराबर विचार करून सरकी भरली. ज्या माणसाचा जन्म जनावरांत गेला, त्यानं पोटाला चार शेर सरकी बांधून जनावरांच्या बाजारात जावं, याला काय म्हणावं? पाराशी गाडी थांबते न थांबते तोच एका पाटलाच्या म्हशीनं मान वळवली. मग दुसरीनं. मुंजाजीराव पाराला एक पाय लावून टाकीवर अडकलेले, उतरता येत नाही, पळता येत नाही. "आरं, धरा तिला! तिला लस टोचायची हाय, खाऊ नका घालू!" म्हणेस्तोवर पिशवी फाटली. त्या दिवशी पहिल्यांदाच म्हशींनी डॉक्टरला तपासलं, असं लोक पुढे कितीतरी दिवस सांगत.

मीही हसलो. इतका हसलो की ओट्यावर बसकण मारली. पण पुढे एक दिवस असा आला की माझं हसू कायमचं थांबलं.

मला जालन्याला जायचं होतं. मुंजाजीराव केदारखेड्यापर्यंत निघाले होते, तिथे एका गरीब माणसाची म्हैस अडली होती. त्यांनी मला कॅरियरवर घेतलं. त्या रस्त्याला तेव्हा रस्ता म्हणायचं ते केवळ रीत म्हणून. पुढे ते पालथे, मागे मी ताठ. त्यांची पाठ माझ्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर होती. प्रत्येक खड्ड्याला ती पाठ थरथरे आणि पुढून हळूच आवाज येई, "बराबर... बराबर..." मला वाटलं, ते गाडीला म्हणताहेत. नीट ऐकलं तेव्हा कळलं, ते स्वतःच्या पाठीला म्हणत होते.

गोठ्यापाशी पोचलो तर त्यांना उतरता येईना. कंबर जी धरली होती ती सुटेचना. दोन गड्यांनी त्यांना काखेत हात घालून उचललं. हात पुढे, पाय दुमडलेले, गाडीशिवायचा स्वार हवेत! गडी त्यांना बाजेवर ठेवायला निघाले, तशी ते ओरडले, "बाजंवर न्हाई! म्हशीच्या मागं ठिवा. हाय तसंच ठिवा. वाकूनच करायचं काम हाय, सोयीचं झालं!"

तसंच ठेवलं. त्या वाकलेल्या माणसानं खांद्यापर्यंत हात आत घालून, घामानं निथळत, दोन तास म्हशीशी गोड बोलत आडवं आलेलं रेडकू फिरवून घेतलं. कोणी पाठीला हात लावू गेलं की, "मला न्हाई, तिला दाबा" म्हणत. रेडकू जमिनीवर आलं, नाक झाडून उभं राहू लागलं, तेव्हा घरधनीण पदर तोंडाला लावून रडत होती. मी मास्तर माणूस, पोरांना थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगून पोट भरणारा. मोठेपणा समोर बघायची वेळ पहिल्यांदाच आली होती. मी जालन्याला गेलोच नाही. तिथंच थांबून त्यांची कंबर शेकली.

त्यानंतर त्यांची पाठ धरली ती धरलीच. रात्री झोप नाही, सकाळी उठता येत नाही. वहिनींनी माझ्यामागे लकडा लावला आणि आम्ही त्यांना मोटारीनं जालन्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाठ ठोकून, वाकवून, दाबून पाहिली. गाडीवर कसे बसता म्हणून विचारलं. मुंजाजीरावांनी तिथल्या बाकावर पालथं पडून दाखवलं.

"गाडी सोडा, नाहीतर बैठक बदला," डॉक्टर म्हणाले. "याच बैठकीवर आणखी सहा महिने चालवली, तर पुढे तुम्हाला उभं राहता येणार नाही. मणके कायमचे जातील."

"सहा म्हैने?" मुंजाजीरावांचा चेहरा उजळला. "मंग काय, पुष्कळ हायत. तवर साहेब येतील."

परतीच्या मोटारीत वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "भावजी, गाडी सोडायची म्हनलं तर फिरती बंद पडती अन् हा मानूस तसाच मरतो. शीट हालवा म्हनलं तर आयकत न्हाई. तुम्ही शिकलेले हाव. काही तरी करा."

मी केलं. निजामाच्या काळात आमचं शिक्षण उर्दूत झालेलं. दुसऱ्याच दिवशी मी कागद घेऊन बसलो आणि हमीद साहेबांना लांबलचक पत्र लिहिलं. पत्ता मिळवायला दोन आठवडे लागले. साहेबांचे एक दूरचे नातेवाईक औरंगाबादेत होते. मी लिहिलं, की आपली अमानत सुखरूप आहे, तिचा रखवालदार मात्र मोडत चालला आहे. सीट खाली घ्यायची आपण परवानगी द्यावी. आपल्या दोन ओळींशिवाय तो कोणाचं ऐकणार नाही. पत्र पेटीत टाकताना मला स्वतःच्या अकलेचं भारी कौतुक वाटलं. मुंजाजीरावांना मी काही बोललो नाही. परवानगीच आणून हातात ठेवायची, असा माझा बेत होता.

दीड महिन्यानं उत्तर आलं. मी शाळा सुटायचीही वाट पाहिली नाही. पत्र नाचवत त्यांच्या दारात गेलो. मुंजाजीराव बाजेवर उताणे पडले होते, वहिनी ज्वारी निवडत होत्या.

"कराचीचं पत्र! साहेबांचं!"

मुंजाजीराव कसेबसे कोपरावर उठले. टोपी शोधून डोक्यावर घातली आणि मगच म्हणाले, "वाचा."

मी एकेक वाक्य उर्दूत वाचत आणि मराठीत सांगत गेलो. साहेबांनी सगळ्यांची चौकशी केली होती. पुढे लिहिलं होतं: 'मुंजाजी अजून माझ्याच सीटवर बसतो हे वाचून मी हसलो, आणि मग मला जेवण गेलं नाही. तो माझ्या कोटाच्या दुसऱ्या गुंडीला लागतो. त्या हिशेबानं सीट तीन बोटं खाली घ्या. हँडल पाच बोटं मागे. पायदानं चार बोटं पुढे. डावा पाय त्याचा जरासा आखूड आहे, तिकडचं पायदान आणखी अर्धं बोट वर. मला इथे नोकरी लागली आहे, मुली इथेच शिकताहेत. माझं येणं आता होत नाही. गाडी मुंजाजीची. त्याला म्हणावं, पाठ जप.'

"सुटलं, बाई!" वहिनींनी सूप बाजूला ठेवून हात जोडले. "देवानंच बुद्धी दिली साहेबाला."

मी विजयानं मुंजाजीरावांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"गुरजी," ते म्हणाले, "शेवटचं परत वाचा."

"पाठ जप?"

"त्याच्या आधीचं."

मी वाचलं. वाचता वाचता माझा आवाज खाली गेला. दीड महिना मी परवानगीची वाट पाहत होतो आणि परवानगी कशी येणार याचा एकदाही विचार केला नव्हता. परत येणारा माणूस आपली बैठक कशाला मोडू देईल?

"बराबर हाय," मुंजाजीराव म्हणाले. "पोरी शिकून राह्यल्या तिथं. बराबर हाय." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दोन दिवस मी त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निरोप धाडला. गेलो तर अंगणात गाडी उभी, शेजारी गोणपाटावर पाने मांडलेले आणि मुंजाजीराव धुतलेला सदरा घालून बसलेले.

"वाचा, गुरजी. येकेक वाचा. मी करतो."

त्यांनी लाखेवर पाना ठेवला. मला वाटलं, आता थांबतील. ते थांबले नाहीत. लाल खपल्या जमिनीवर पडल्या, त्या त्यांनी गोळा करून कागदाच्या पुडीत बांधल्या आणि पुडी खिशात घातली. मग गंजलेला नट तेल सोडून सोडवला.

"सीट तीन बोटं खाली," मी वाचलं.

त्यांनी आपली तीन बोटं लावली, बघितली आणि मान हलवली. "साहेबाची बोटं म्हनायची ही. आपली साडेतीन व्हतात." चार वर्षांपूर्वी दुरावलेल्या माणसाच्या बोटांची जाडी त्यांच्या ध्यानात होती आणि तिकडे त्या माणसाला यांचा आखूड पाय पाठ होता. मी कागदात तोंड घातलं आणि पुढचं वाचू लागलो. हँडल झालं. पायदानं झाली. डावीकडचं अर्धं बोट वर घेताना ते म्हणाले, "मलाबी ठाऊक नव्हतं, गुरजी, पाय आखूड हाय म्हनून. कॅरियरवर चढताना त्यायनं कवा पायलं की."

मग ते बसले. धोंड नको, ओटा नको, दोन्ही तळवे अंगणात सपाट टेकले. पाठ सरळ. हात सैल. मी त्या माणसाला गाडीवर बसलेला असा पहिल्यांदाच पाहत होतो आणि तो मला एकाएकी म्हातारा दिसला. त्यांनी गाडी सुरू केली, वेशीपर्यंत गेले, वळले आणि परत आले. वाटेतल्या माणसांनी त्यांना ओळखलंच नाही. कोणी हाक मारली नाही.

वहिनी धावत पुढे गेल्या. "कळ येती का?"

मुंजाजीरावांनी गाडी बंद केली. "न्हाई."

"जराबी?"

"बिलकुल न्हाई," ते म्हणाले. "कुठंच दुखत न्हाई. आता माहीच झाली ही गाडी." आणि हँडलवर डोकं टेकून ते हुंदके देऊन रडू लागले. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी गाडी कलू नये म्हणून मागचं कॅरियर घट्ट धरून उभा राहिलो.